निकृष्ट हेल्मेट विकणाऱ्यावर गुन्हा कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वारांवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. मोहीम किती दिवस चालली, किती चलाने फाडली गेली, दंडापोटी किती रक्कम जमा झाली, हे सारे त्यांत सविस्तर असते. कायद्याला न जुमानता निकृष्ट हेल्मेट विकणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, ही बातमी मात्र आमच्या जिल्ह्यापुरती तरी माझ्या वाचनात आलेली नाही. साताऱ्यात दुचाकीच्या सुट्या भागांचे आणि साहित्याचे माझे दुकान आहे व मी हेल्मेटही विकतो. त्यामुळे या विषयात माझा धंद्याचा हितसंबंध आहे, हे वाचकांना आधीच सांगणे मला उचित वाटते. परंतु ज्या नियमांबद्दल मी लिहीत आहे ते माझ्या गल्ल्यासाठी झालेले नाहीत. ते डोके वाचावे म्हणून झालेले आहेत आणि ते पाळले जात नाहीत.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ बहुतेकांना ठाऊक आहे. दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे बंधन चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. ते मोडल्यास कलम १९४-डी मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे असले पाहिजे, हेही याच कलमाला अभिप्रेत आहे. म्हणजे डोक्यावर काहीतरी गोल आणि टणक ठेवले की कायद्याचे पालन झाले असे होत नाही. बांधकामावरची पिवळी टोपी घालून महामार्गावरून जाणारे कामगार आपण रोज पाहतो. ती टोपी वरून पडणाऱ्या विटेसाठी बनवलेली असते, रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी नव्हे.

विक्रीसंबंधीचा अर्धा कायदा मात्र ग्राहकांना सोडाच, अनेक दुकानदारांनाही माहीत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२० रोजी दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जून २०२१ पासून देशभर लागू झाला. त्या दिवसापासून आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे तयार झालेले आणि ब्युरोच्या परवान्याखाली आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेटच भारतात विकता येते. सूट आहे ती निर्यातीच्या मालाला. त्यापूर्वी हे चिन्ह घ्यायचे की नाही हा पुष्कळसा उत्पादकाच्या मर्जीचा प्रश्न होता. तो त्या दिवशी संपला.

अशा आदेशाखाली आलेल्या मालाला भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ चे कलम १७ लागू होते आणि या कलमाची व्याप्ती दुकानदाराने नीट समजून घेण्यासारखी आहे. वैध परवान्याखालील चिन्ह नसलेला माल तयार करणे, आयात करणे, वितरित करणे आणि विकणे याला तर मनाई आहेच. पण तो भाड्याने देणे, साठवून ठेवणे आणि विक्रीसाठी मांडून ठेवणे यालाही तितकीच मनाई आहे. ‘मी अजून विकले कुठे, नुसते टांगून ठेवले आहे’ हा युक्तिवाद या कलमापुढे टिकत नाही. पोटमाळ्यावर पडलेल्या जुन्या, बिनचिन्हाच्या मालालाही तेच लागू होते. पहिल्या उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला किमान पाच लाख, आणि हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

आमच्या व्यापारी बंधूंमध्ये एक गैरसमज आहे, तोही येथेच दूर केलेला बरा. विक्रेत्याला स्वतः ब्युरोचा परवाना घ्यावा लागत नाही. परवाना उत्पादकाचा असतो. विक्रेत्याचे काम एवढेच, की माल घेताना चिन्ह पाहायचे, चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे ना हे तपासायचे, आणि तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून परवाना चालू आहे की रद्द झाला आहे हे पाहायचे. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या वस्तूसाठी आहे हेही तेथे दिसते. मी माझ्या दुकानात प्रत्येक नव्या खेपेला हे करतो. त्याला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. नुसते ‘आयएसआय’ ही तीन अक्षरे छापलेला, खाली क्रमांकच नसलेला स्टिकर हा चिन्ह नव्हेच. अमेरिकेतील मानकाचे ‘डॉट’ असे स्टिकर लावलेली हेल्मेटेही आपल्याकडे तरुण मुले हौसेने घेतात. आयएसआय चिन्ह नसेल तर तो स्टिकर खरा असला तरी येथील विक्री कायदेशीर होत नाही, आणि पदपथावर मिळणाऱ्या हेल्मेटवर तो खरा असण्याची शक्यता फारशी नसते.

एवढा कडक कायदा कशासाठी, असे कोणी विचारील. हेल्मेट, मास्क, कारखान्यातील सुरक्षा बूट, उंचावर काम करणाऱ्याचा पट्टा ही सगळी वैयक्तिक संरक्षक साधने एका बाबतीत इतर मालाहून वेगळी आहेत. चप्पल निकृष्ट निघाली तर आठवड्यात कळते, पंखा निकृष्ट निघाला तर उन्हाळ्यात कळते. संरक्षक साधन निकृष्ट आहे हे ज्या क्षणी कळते त्या क्षणी ते बदलण्याची संधी उरलेली नसते. चांगल्या हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. आघात झाला की तो चिरडतो आणि चिरडता चिरडता आघाताची ऊर्जा स्वतःत घेतो, म्हणून ती कवटीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. पदपथावरच्या हेल्मेटमध्ये अनेकदा त्या थराच्या जागी कापडात गुंडाळलेला मऊ स्पंज असतो. हाताला तो अधिक सुखद लागतो, आणि ग्राहक हेल्मेट घालून पाहताना नेमका त्याच गोष्टीवर खूश होतो. हनुवटीचा पट्टा आणि बक्कल यांचेही तसेच. आघातात पट्टा तुटला किंवा बक्कल सुटले तर हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो. यातले काहीही ग्राहकाला दुकानात उभे राहून तपासता येत नाही. प्रयोगशाळेत आघात शोषण्याची आणि पट्ट्याच्या ताकदीची चाचणी झाली आहे, याचा ग्राहकाच्या हाती असलेला एकमेव पुरावा म्हणजे ते चिन्ह. म्हणूनच खोटे चिन्ह लावणे हा मला साध्या भेसळीपेक्षा गंभीर अपराध वाटतो.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७ होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्या अहवालात ५०,०२९ दिली आहे; त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. या शेवटच्या आकड्यांचा आधार हेल्मेटसक्तीसाठी नेहमी घेतला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांनी कायदा पाळला, पैसे मोजून हेल्मेट घेतले, पट्टाही लावला आणि तरीही हेल्मेटने साथ दिली नाही, ती माणसे या पन्नास हजारांत नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत त्यांची स्वतःची काहीच चूक आढळणार नाही. ती चूक विकणाऱ्याच्या आणि बनवणाऱ्याच्या खात्यावर मांडली पाहिजे, आणि ते खाते आपण उघडतच नाही.

केंद्र सरकारला ही गोष्ट माहीत नाही असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने देशातील जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून नियमबाह्य हेल्मेटचे उत्पादक आणि विक्रेते यांच्याविरुद्ध मोहीम घेण्यास सांगितले. तोवर १६२ उत्पादकांचे परवाने रद्द झाले होते किंवा त्यांची मुदत संपली होती, हेही तेव्हा जाहीर झाले. जुलै २०२५ मध्ये त्याच विभागाने पुन्हा आवाहन केले. देशात २१ कोटींहून अधिक दुचाकी असताना जून २०२५ अखेर वैध परवाना असलेले हेल्मेट उत्पादक १७६ आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. दिल्लीत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त झाली; त्यांचे परवाने मुदतबाह्य किंवा रद्द झालेले होते. सतरा किरकोळ विक्रीच्या आणि रस्त्यावरील ठिकाणांहून आणखी सुमारे पाचशे हेल्मेट उचलली गेली. एका शहरात ठरवले तर काय होऊ शकते, ते यावरून दिसते. पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या कडेला, पेट्रोल पंपाशेजारी, उड्डाणपुलाखाली दोऱ्यांवर ओळीने टांगलेली हेल्मेट दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतात आणि त्यांच्यासमोरूनच गस्तीची गाडी पुढे जाते, हे चित्र मी आजही पाहतो.

पोलीस अधिकाऱ्यांकडे हा विषय काढला की एक ठरावीक उत्तर मिळते: विक्रीचा प्रश्न मानक ब्युरोचा, आमचे काम वाहतुकीचे. हे उत्तर कायद्याला धरून नाही. ब्युरोच्या अधिकाऱ्यांना झडतीचे व जप्तीचे अधिकार आहेतच. पण २०१६ च्या कायद्याने कलम १७ चे उल्लंघन हा दखलपात्र गुन्हा ठरवला आहे आणि पोलीस उपअधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याला, असा गुन्हा होत आहे याची खात्री पटल्यास, वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करण्याचा अधिकार दिला आहे. शहरांत हा समकक्ष अधिकारी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. न्यायालयात तक्रार करण्याचा मार्ग तर ब्युरो आणि पोलीस यांच्याबरोबरच ग्राहकालाही मोकळा आहे. ब्युरोचे पुण्यातील शाखा कार्यालय आपल्या मोजक्या मनुष्यबळावर प्रत्येक तालुक्याच्या नाक्यावर पोहोचू शकणार नाही. तेथे उपअधीक्षक दर्जाचे उपविभागीय पोलीस अधिकारी आधीच आहेत, आणि हेल्मेटच्या मोहिमेसाठी ते रस्त्यावर उतरतातही. चालकाला थांबवणारा हात दहा पावलांवरच्या विक्रेत्याकडे वळू नये, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

ही कारवाई का होत नाही, याचे एक कारण मला शिक्षेच्या आकड्यातच दिसते. पदपथावर चाळीस-पन्नास हेल्मेट घेऊन बसलेल्या माणसाचा सगळा माल दहा-पंधरा हजारांचा असतो. त्याला किमान दोन लाखांच्या दंडाच्या गुन्ह्यात ओढायचे, तर अधिकाऱ्याचाही हात अडखळतो, आणि त्यात त्याची माणुसकी आहे हे मी मान्य करतो. तो माणूस सहसा परराज्यातून आलेला, दिवसाकाठी थोडेफार मिळवणारा असतो. आपण विकतो त्या वस्तूने कोणाचा जीव जाईल याची त्याला कल्पनाही नसते. मला त्याच्या पोटावर पाय आणायचा नाही. पण त्याचा माल जप्त करून त्याला तो कोणी दिला हे विचारणे, त्या ठोक व्यापाऱ्याच्या गोदामापर्यंत जाणे आणि गुन्हा तेथे दाखल करणे, यात कोणती अडचण आहे? दोन लाखांची आणि दहापट किमतीची तरतूद ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडते तो माणूस गोदामात बसलेला आहे. आज मात्र फेरीवाल्याची दया येते म्हणून गोदामवाला सुटतो. जप्त केलेला माल पुढे लिलावाने किंवा मागच्या दाराने पुन्हा बाजारात येऊ नये, तो नष्ट करावा, ही काळजीही घेतली पाहिजे.

पदपथाकडे बोट दाखवून आम्ही पक्क्या दुकानवाल्यांनी मोकळे होऊ नये. काचेच्या कपाटात चिन्हाची चार हेल्मेट आणि मागच्या खोलीत बिनचिन्हाची चाळीस, असा प्रकार मी आमच्याच व्यवसायात पाहिला आहे. नव्या दुचाकीबरोबर उत्पादकाने मानकाप्रमाणे हेल्मेट द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ सांगतो. काही शोरूममध्ये त्याचे पैसे वेगळे लावले जातात, काही ठिकाणी ते मागितल्याशिवाय दिलेच जात नाही, आणि जे दिले जाते त्यावरचा परवाना क्रमांक कोणी पाहत नाही. नवी गाडी घेणाऱ्या माणसाचे लक्ष त्या दिवशी गाडीवर असते, हे स्वाभाविक आहे. म्हणून ती जबाबदारी विक्रेत्याची आहे.

भाड्याचा उल्लेख मी वर केला, त्याकडे पर्यटनाच्या गावांनी विशेष लक्ष द्यावे. गोव्यात सुट्टीला गेलेल्या माणसाला स्कूटरबरोबर जे हेल्मेट हातात दिले जाते, ते कायद्याच्या भाषेत भाड्याने दिलेले हेल्मेटच आहे, मग त्याचे वेगळे पैसे घेतलेले असोत किंवा नसोत. पट्टा तुटलेले, काच नसलेले, आतला थर सुटून आलेले हेल्मेट पर्यटक निमूटपणे घालतो, कारण त्याला फक्त चलान टाळायचे असते. चिन्ह नसलेले हेल्मेट भाड्याने देण्यास कलम १७ ची मनाई आहे, ही गोष्ट भाड्याने गाड्या देण्याच्या परवान्याच्या अटींतच स्पष्ट लिहिली, तर पणजीपासून महाबळेश्वरपर्यंत पुष्कळ फरक पडेल.

ऑनलाइन विक्रीबाबत थोडे काम झाले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर यांबाबत सुरक्षा सूचना काढून ग्राहकांना सावध केले. पुढच्या वर्षी चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल काही मोठ्या ऑनलाइन मंचांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला आणि ज्या ग्राहकांनी ते कुकर घेतले होते त्यांना कळवून, माल परत घेऊन पैसे द्यायला लावले. दंडाची रक्कम त्या कंपन्यांच्या दृष्टीने किरकोळ होती, पण ग्राहकाला शोधून माल परत घेण्याचा आदेश महत्त्वाचा होता. ऑनलाइन खरेदीत प्रत्येक ग्राहकाचा पत्ता विक्रेत्याकडे असतो, त्यामुळे हेल्मेटच्या बाबतीतही हे पूर्णपणे शक्य आहे.

ग्राहकाच्या हातातही काही आहे, ते म्हणजे बिल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८६ नुसार ज्या वस्तूचा उत्पादक कोण हे कळत नाही, तिच्या दोषामुळे झालेल्या हानीची भरपाई विक्रेत्याकडून मागता येते. बिननावाचे हेल्मेट विकणाऱ्या दुकानदाराने ही जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतलेली असते. बनावट माल विकल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड आहे. खोटे आयएसआय चिन्ह लावलेले हेल्मेट हा माझ्या मते बनावट मालाचा ढळढळीत नमुना आहे. परंतु बिलच नसेल तर हे हेल्मेट कोणी विकले हे सिद्ध कसे करणार? अपघातानंतर पोलीस पंचनामा करतात, त्यात हेल्मेट होते की नव्हते एवढे लिहिले जाते. हेल्मेट ताब्यात घेऊन त्यावरील परवाना क्रमांक नोंदवला आणि शंका असल्यास ते तपासणीला पाठवले, तर निकृष्ट मालाचा माग आपोआप लागेल. अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांनीही ते फुटके हेल्मेट टाकून देऊ नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि बीआयएस केअर ॲपवर तक्रार करता येते. ती करताना बिलाचा आणि चिन्हाचा फोटो जोडला तर तक्रारीला वजन येते.

माझी विनंती राज्याच्या गृह विभागाला, परिवहन आयुक्तांना आणि सर्व जिल्हाधिकाऱ्यांना आहे. केंद्राच्या २०२४ च्या पत्रावर आपल्या जिल्ह्यात काय केले, हे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने जाहीर करावे. हेल्मेटची पुढची मोहीम काढण्यापूर्वी निदान पंधरा दिवस आधी त्याच मार्गावरच्या विक्रेत्यांची आणि त्यांना माल पुरवणाऱ्या गोदामांची तपासणी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी ब्युरोच्या मदतीने करावी, कारण मोहीम जाहीर झाली की पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त खप या निकृष्ट हेल्मेटचाच होतो; चलानाच्या धाकाने लोक हाताला लागेल ते घेतात आणि सरकारी मोहीमच या मालाची गिऱ्हाइके तयार करते. आमच्या व्यापारी संघटनांनी सदस्यांच्या दुकानांत परवाना क्रमांक कसा तपासावा याचा फलक लावावा. साताऱ्यात ते काम मी स्वतः अंगावर घ्यायला तयार आहे. आणि मोहिमेनंतर पोलीस दल वृत्तपत्रांना जे आकडे देते, त्यांत किती चालकांना दंड केला याच्या पुढच्या रकान्यात किती विक्रेत्यांवर आणि ठोक व्यापाऱ्यांवर कलम १७ खाली गुन्हे नोंदवले, हेही द्यावे. आपल्या बातमीदारांनी तो आकडा प्रत्येक वेळी आवर्जून विचारावा, अशी आपल्याला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक दुचाकी साहित्य विक्रेता, सातारा